भरल्या घराचा सर्व्हे

गौर उंबरठ्यावर आली होती. तिचा मुखवटा माझ्या हातातल्या सुपात, सुपावर माझाच पदर, आणि समोर टेंबे वहिनी भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या तयारीत. तेवढ्यात फाटकाशी एक स्कूटर येऊन थांबली. एका गृहस्थांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, काखेतली फाइल सावरली आणि अंगणातल्या झाडून सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ननावरे इथंच राहतात ना? मी सर्व्हेअर पाटसकर. विमा कंपनीनं पाठवलंय. तुमचं नुकसान बघायला आलोय."

गौरीच्या दारात नुकसानाचं नाव. बायकांच्या बांगड्यासुद्धा वाजायच्या थांबल्या. माझा नवरा घाईघाईनं पुढे झाला. त्याचं नाव रणधीर. बारशाच्या वेळी घरच्यांचा अंदाज जरा चुकला होता, एवढंच म्हणते. तो पाटसकरांच्या कानाशी जाऊन "उद्या आलात तर..." असं काहीतरी पुटपुटला.

"उद्या नाही जमणार," पाटसकर म्हणाले. "तुम्ही कळवलंत की ठरल्या मुदतीत सर्व्हे झालाच पाहिजे. नियम आहे. विमेदाराला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून केलाय."

यावर सासूबाई पुढे आल्या. "या की. पाय धुवा आणि आत या. घरच बघायचंय ना तुम्हाला? गौराईपण आता घरच बघणार आहे. तिच्या मागनं या, म्हणजे दोनदा दाखवायला नको."

पाटसकरांनी बूट काढले, पाय धुतले आणि फाइल उघडून ते गौरीच्या मागे चालू लागले. आमच्या विम्याचं जे काही व्हायचं ते तिथेच झालं. पुढचे कितीतरी महिने आम्ही ते निस्तरत बसलो.

आता थोडं मागं जायला हवं. मी लग्न होऊन वाईला आले त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. घर बैठं, शिक्षक कॉलनीतलं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, पण घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. मागच्या खोलीच्या स्लॅबवर त्यांनी सिमेंटची एक भलीमोठी टाकी बांधली होती, आणि ती सासूबाईंच्या लेखी साधी टाकी नव्हती, नवऱ्याची आठवण होती. तिला भेग पडली, ओल आली, रणधीर बदलू या म्हणाला, की त्या म्हणायच्या, "त्यांच्या हातचं मी मोडू देणार नाही." श्रावण सरता सरता टाकीनं स्वतःच हा वाद मिटवला. एका दुपारी ती फुटली आणि स्लॅबचा कोपरा सोबत घेऊन खाली आली. खाली आमची खोली होती, माझी आणि रणधीरची. दैव बरं म्हणून त्या वेळी घरात कुणी नव्हतं. पाण्याचा लोंढा आमच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणि तिथून अंगणात गेला. सोफा गेला, टीव्ही गेला, गाद्या गेल्या, आणि माझ्या बाबांनी लग्नात हौसेनं दिलेलं प्लायवुडचं कपाट पाणी पिऊन असं फुगलं की त्याची दारं मिटेनात.

घराचा विमा होता. बँकेनं कर्ज देताना तो गळ्यात मारला होता. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून विमाही त्यांच्याच नावावर. तो काढला तेव्हाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "विमा काढणं म्हणजे संकटाला घरचा पत्ता देणं." टाकी फुटल्यावर त्यांचं हे मत आणखी पक्कं झालं.

त्यातून गौरी तोंडावर आलेल्या. मोडकंतोडकं घरात ठेवून गौरी बसवत नाहीत. सासूबाईंनी पदर खोचला आणि भंगारवाल्याला बोलावलं. रणधीरनं मोबाइल काढून दोन फोटो घ्यायचा प्रयत्न केला तर म्हणाल्या, "पडलेल्या घराचे कसले फोटो काढतोस? ठेव तो खिशात." त्यानं ठेवला. टाकीचे तुकडे नगरपालिकेच्या ट्रॉलीतून गेले. स्वयंपाकघरावर काळी प्लास्टिकची टाकी बसली. गवंड्यानं आमच्या खोलीत दोन लोखंडी टेकू लावून दिले आणि म्हणाला, स्लॅब सगळाच नवा टाकायला लागेल, तोवर इथं झोपू नका. घर धुऊनपुसून लख्ख झालं तेव्हा कुठे बँकेतला एक ओळखीचा माणूस रणधीरला म्हणाला, "अहो, टाकी फुटणं विम्यात बसतं की." मग रणधीरनं कंपनीला फोन केला.

पण सासूबाईंची खरी काळजी वेगळीच होती. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या गौरी, माझा पहिला ववसा होता आणि त्यासाठी शिरवळहून माझे बाबा येणार होते. आईचे गुडघे धरले होते म्हणून ते एकटेच. "व्याह्यांना यातलं एक अक्षर कळता कामा नये," सासूबाईंनी आम्हा दोघांना बजावलं. आणि दोन दिवसांत त्यांनी घर परत उभं केलं. इनामदारांचा सोफा आला. मुलाणी भाभींनी टीव्ही दिला, वर रिमोटला नव्या बॅटऱ्याही घालून दिल्या. टेंबे वहिनींचं कपाट आलं, थेट बाबांनी दिलेल्या कपाटाच्याच रंगाचं. आणि गौरी बसवल्या कुठे, तर आमच्या त्या पडक्या खोलीत. चिरलेल्या स्लॅबखाली साड्यांचं छत बांधलं, दोन्ही टेकूंना केळीचे खांब बांधले. इतकं देखणं मखर कॉलनीत त्या वर्षी दुसरं नव्हतं. रणधीर मात्र आत जाताना दर वेळी टेकू हलवून बघायचा.

तर अशा घरात पाटसकर आले.

आमच्याकडची रीत अशी, की गौर हातात घेऊन सुनेनं घरभर फिरायचं. प्रत्येक ठिकाणी एका सवाष्णीनं विचारायचं, इथं काय आहे, आणि घरातल्या मोठ्या बाईनं गौरीला सांगायचं, काय काय भरलेलं आहे ते. टेंबे वहिनी विचारत होत्या. सासूबाई सांगत होत्या. बाबा हात जोडून कडेनं चालले होते आणि सगळ्यांच्या मागे पाटसकर, पेन उघडून.

"गौराई, इथं काय आहे?"

"बसायउठायला सोफा आहे, बघायला टीव्ही आहे. पैपाहुण्यानं भरलेली खोली आहे."

पाटसकरांनी सोफ्याभोवती एक फेरी मारली आणि लिहून घेतलं.

"गौराई, इथं काय आहे?"

"धान्यानं भरलेले डबे आहेत. दूधदुभतं आहे."

लिहून घेतलं.

"गौराई, इथं काय आहे?" टेंबे वहिनींनी स्वतःच्याच कपाटासमोर उभं राहून विचारलं.

"कपड्यालत्त्यानं भरलेलं कपाट आहे," सासूबाई म्हणाल्या. ते भरलेलं आहे हे वहिनींना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

पाटसकर सरळ माणूस होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, यातलं पाण्यानं खराब झालेलं कुठलं?"

सासूबाईंनी एकदा सुपाकडे बघितलं, एकदा माझ्या बाबांकडे. "काही नाही हो," त्या म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी आहे."

"आणि स्लॅब?"

आम्ही तेव्हा मखरापाशी पोचलो होतो. पाटसकरांनी मान वर करून बघितलं. वर सासूबाईंची मोरपिशी पैठणी होती. त्यांनी केळीच्या खांबांकडेही कौतुकानं बघितलं. मी रणधीरला डोळ्यांनी खुणावत होते, की बोल, आता तरी बोल. रणधीर आईकडे बघत होता. मी बोलायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. चार महिन्यांची सून, हातात गौर, शेजारी बाप आणि समोर सासू. तुम्ही बोलून बघा.

पाटसकर शेपूची भाजी आणि भाकरी खाऊन, हळदीकुंकवाच्या पावलांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत निघून गेले. बाबा तिसऱ्या दिवशी शिरवळला गेले. जाताना म्हणाले, "विहीणबाई, घर बघून डोळे निवले." सासूबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गुणगुणत होत्या.

गौरी गेल्या. सोफा, टीव्ही, कपाट आपापल्या घरी गेले, साड्या उतरल्या आणि वर पुन्हा स्लॅबचा तुटका कोपरा आणि भेग दिसायला लागली. खोलीला कुलूप लागलं. मी आणि रणधीर बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायला लागलो, सासूबाई स्वयंपाकघरात. पहाटे पाणी भरायला त्या आम्ही झोपलेले असताना तिथूनच अंगणात जायच्या आणि जायच्या आधी खोकायच्या. येताना परत खोकायच्या. त्या समजूतदार खोकल्यानं मी इतकी वैतागायचे की विचारू नका. नवा संसार आणि स्वतःची म्हणून दार लावायला खोली नाही. रणधीरचा पगार कर्जाच्या हप्त्यात जात होता. नवा स्लॅब टाकायचा तर विम्याच्या पैशातूनच, दुसरी वाट नव्हती.

कंपनीचं पत्र आलं. त्यात कारणं दिली होती, कारणं द्यावीच लागतात. घरातल्या सर्व वस्तू सुस्थितीत आढळल्या. विमेदारानं स्वतः काही नुकसान नसल्याचं सांगितलं. सबब दावा नामंजूर. मी सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागवली. विमेदारानं मागितली तर द्यावी लागते, तशी ती आली. पाटसकरांनी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. मागच्या खोलीबद्दल लिहिलं होतं, दोन शोभेचे खांब.

"सोडून दे ना," रणधीर म्हणाला.

"पॉलिसीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, तक्रार कुठं करायची ते. आधी कंपनीकडे. तिनं ऐकलं नाही तर विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. लागत नाही म्हणजे चालतच नाही."

"वकील नाही, मग बोलायचं कुणी?"

"पॉलिसी ज्याच्या नावावर त्यानं."

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"सही देईन," त्या न बघताच म्हणाल्या. "पण मी खोटं बोलले असं कुठंही लिहायचं नाही."

"मग काय लिहू आई?"

"टाकी फुटली असं लिही. ती फुटलीच होती."

मी तेवढंच लिहिलं आणि खाली गेलेल्या वस्तूंची यादी जोडली. कंपनीनं महिनाभर वाट बघायला लावून पुन्हा नाही म्हटलं, मग अर्ज पुण्याला लोकपालांकडे गेला आणि माघ महिन्यात सुनावणीची तारीख आली. रणधीर साखर कारखान्यात लॅबला होता, हंगाम चालू, रजा मिळेना. आम्ही दोघी वाईहून स्वारगेटच्या एसटीत बसलो. शिरवळच्या थांब्यावर गाडी थांबली आणि दारातून पिशवी सांभाळत माझे बाबा चढले.

"जावईबापूंचा फोन आला होता," ते समोरच्या सीटवर बसत म्हणाले. "म्हणाले, विम्याचं काहीतरी काम आहे, दोघीच बायका आहेत, कोणीतरी सोबत हवं."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "वा, वा," त्या म्हणाल्या. मग माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर निळा होता. जणू रणधीरला मीच जन्म दिला होता.

लोकपाल म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर कोर्ट होतं. इथे एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर कॅलेंडर आणि चष्मा नाकावर उतरलेले एक शांत गृहस्थ. टेबलाच्या पलीकडे कंपनीचा टाय लावलेला अधिकारी आणि त्याच्याशेजारी पाटसकर. पाटसकरांनी आम्हाला ओळखून नमस्कार केला आणि सासूबाईंनीही सवयीनं विचारलं, "बरं आहे ना घरी?"

लोकपालांनी कागद चाळले. "पाटसकर, तुम्ही स्लॅब बघितला का?"

"वर साड्यांचं छत होतं, साहेब."

"ते बाजूला करून बघितलं नाही?"

पाटसकर जरा अवघडले. "गौरींचं मखर होतं ते. मी सकाळपासून स्कूटरवर गावोगाव फिरलेला. पारोशासारखा हात कसा लावणार?"

लोकपालांनी मान हलवली, पण ती पटल्याची होती की न पटल्याची ते कळलं नाही. मग ते सासूबाईंकडे वळले. "बाई, स्लॅबचं परत बघता येईल. माझी अडचण वेगळी आहे. हे लिहितात, सोफा होता, टीव्ही होता, कपाट होतं. आणि तुम्ही अर्जात म्हणता, सगळं गेलं. दोन्ही खरं कसं असेल?"

सासूबाई कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

"साहेब, मी सांगते," मी म्हटलं.

"पॉलिसी त्यांची आहे. त्यांना बोलू द्या."

सासूबाईंनी घसा साफ केला. "आमच्या व्याह्यांना जरा बाहेर बसवता का?"

"त्यांच्यासमोर बोलायला काही भीती आहे का?"

"भीती नाही हो."

बाबा बिचारे उठले. पिशवी उचलली, खुर्ची सरकवली आणि दारापर्यंत गेले. मी सासूबाईंकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. सतरंजीवर झोपून आणि खोकला ऐकून होतं ते.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "व्याही, या, बसा इथं. ऐकायचंच आहे तर नीट ऐका."

बाबा परत येऊन बसले.

"घरात काही नव्हतं, साहेब," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी सरळ. "सोफा इनामदारांचा. टीव्ही मुलाणी भाभींचा. कपाट टेंबे वहिनींचं. आमचं सगळं टाकीनं नेलं, जे राहिलं ते मी भंगारात घातलं. हिच्या वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन कपाट दिलं होतं. मागितलं नव्हतं आम्ही, हौसेनं दिलं होतं. ते माझ्या टाकीनं नासवलं. पोरगं तीन वर्षं म्हणत होतं, आई, टाकी जुनी झालीय, काढू या. मी काढू दिली नाही. आमच्या ह्यांनी बांधलेली होती. सून घरात आणली आणि चार महिन्यांत तिच्या डोक्यावरचं छप्पर पाडलं. आता तिच्या बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

कंपनीचा अधिकारी पुढे वाकला. "सर, हे नोंदवून घ्या. टाकी जुनी होती, हे त्यांनी मान्य केलं."

"घेतो," लोकपाल म्हणाले. "तुमच्या पॉलिसीत टाकी फुटली तर भरपाई आहे ना?"

"आहे, सर."

"नवी टाकी फुटली तरच, असं कुठं लिहिलंय?"

अधिकाऱ्यानं पानं उलटली. पुढून उलटली, मागून उलटली. "तसं नाही, सर."

"मग असू दे." ते पुन्हा सासूबाईंकडे वळले. त्यांचा आवाज थोडा खाली आला होता. "एक विचारतो, बाई. यांना नाही सांगितलंत ते समजलं. गौरीला का सांगितलंत, भरलेलं आहे म्हणून?"

"तिला कसं सांगू, साहेब?" सासूबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "वर्षातून दोन दिवस माहेरपणाला येते ती. दारात पाय ठेवला नाही तोवर लेकीपुढं कुणी घरातलं रडगाणं गातं का?"

टाय लावलेल्या अधिकाऱ्यानं पॉलिसी मिटून ठेवली. आणि माझे बाबा खाकरले.

"विहीणबाई, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्या रात्री शर्ट टांगायला म्हणून मी कपाट उघडलं. आत तीन सफारी. जावईबापू सफारी घालत नाहीत." बाबांनी चष्मा पुसला. "आणि आपल्या कपाटाला आरसा नव्हता. मी स्वतः निवडलं होतं ना."

सासूबाईंना राग आला, आणि राग आला की त्या अगदी हळू बोलतात. "मग बोलला का नाहीत? इतके महिने माझ्या जिवाला घोर. चार घास गोड लागले नाहीत."

"तुम्ही इतक्या मनापासून दाखवत होता. मध्ये कसं बोलू?" बाबा म्हणाले. "आणि मी काय कपाट बघायला आलो होतो? पोरीला बघायला आलो होतो. ती आमच्याकडं होती त्यापेक्षा अंगानं भरलेली दिसली. मला तेवढं पुष्कळ झालं."

माझ्या वजनाची अशी सरकारी कार्यालयात नोंद झाली. मी रडत होते, त्यामुळे लाजायला सवड नव्हती. पाटसकरांनी माझ्यासमोर पाण्याची बाटली सरकवली.

लोकपालांनी सांगितलं ते थोडक्यात असं. स्लॅबचा सर्व्हे पुन्हा होईल, या वेळी वर काही बांधलेलं नसताना. सोफा, टीव्ही आणि कपाट ज्यांचं होतं त्यांचं लेखी म्हणणं द्यायचं. कॉलनीतल्या लोकांनी ते इतक्या उत्साहानं दिलं की ज्यांची फक्त ताटं-पातेली आली होती त्यांचेही कागद आले. पाटसकर परत आले, आंघोळ करून आले, आणि शिडीवर चढून त्यांनी भेग मापली. निकाल आमच्या बाजूनं लागला, कंपनीनं मुदतीत पैसे भरले आणि पुढच्या पावसाआधी आमच्या खोलीवर नवा स्लॅब पडला. त्या खोलीला आतून कडी आहे. ती पहिल्यांदा लावली तेव्हा मला काय वाटलं ते मी इथं सांगत नाही.

पण मला आठवतो तो त्या सुनावणीच्या दिवशीचा परतीचा प्रवास. स्वारगेटला एसटी मिळाली. बाबा पुढच्या सीटवर बसले आणि कात्रजचा घाट लागायच्या आत त्यांची मान डुलायला लागली. सासूबाई खिडकीशी, मी शेजारी. बराच वेळ त्या बाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "हर्षदा, सुरुवात झालीच आहे तर आणखी एक सांगते. या माझ्या पाटल्या खोट्या आहेत."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं.

"खऱ्या तुझ्या सासऱ्यांच्या आजारपणात गेल्या. रणधीरला माहीत नाही. तू सांगू नकोस."

"नाही सांगत."

"आणि तुमच्या लग्नात तुझ्या आईला जी पैठणी नेसवली ना, ती माझीच होती. एकदा नेसलेली. नवी घ्यायला जमलं नाही."

"आईला ती फार आवडते."

"आवडू दे. तिला कळवू नकोस." मग जसा बांध फुटावा तसं त्यांचं सुरू झालं. त्यांचं वय त्या सांगतात त्याहून दोन वर्षांनी जास्त आहे. पुण्याचे दीर गणपतीला येत नाहीत ते रजा नाही म्हणून नाही, भांडण झालंय म्हणून. त्यांना शेपूची भाजी जन्मात आवडलेली नाही. पहाटे त्या खोकतात तेव्हा त्यांची त्यांनाच इतकी लाज वाटते की अंगणात जाऊन त्या नळाखाली चेहरा धरून उभ्या राहतात. हे सांगताना त्यांना हसू फुटलं. मग मलाही फुटलं. आम्ही दोघी पदर तोंडात धरून हसत होतो आणि कंडक्टर आमच्याकडे संशयानं बघत होता. मंगलाष्टका, माप ओलांडणं, नाव घेणं सगळं रीतसर होऊन नऊ महिने झाले होते. सासूबाईंनी मला घरात घेतलं ते त्या एसटीत.

गाडी शिरवळला थांबली. माणसं उतरली, चढली. बाबा उठले नाहीत. घंटी वाजली आणि गाडी सुटली तरी त्यांची मान तशीच डुलत होती, जरा जास्तच शिस्तीत.

मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आई, बाबा झोपलेले नाहीत हं. त्यांचं गाव गेलं मागं."

"असू देत," सासूबाई म्हणाल्या. "येऊ देत तसेच वाईला. आज घरात काय नाही ते दाखवायचंय त्यांना."